येशूची शिकवण पुरेशी नाही का? पुनरुत्थानावर एवढा भर कशासाठी?

दूरचा वाचक:
मी ख्रिस्ती नाही. डोंगरावरचं प्रवचन मात्र पुन्हापुन्हा वाचतो. शत्रूवर प्रेम करा, हे वाचलं की दरवेळी पोटात काहीतरी हलतं. पण ख्रिस्ती मित्रांशी बोलायला लागलो की गाडी शेवटी तिसऱ्या दिवसापाशीच येते. मेलेला माणूस उठला हे न मानताही ती शिकवण आचरता येतेच ना? आत्मा अमर आहे एवढं मानून भागत नाही का? वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

पानगळ:
सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी एक असलेल्या पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र (ते बायबलमध्ये आहे), अध्याय १५. तो स्वतःच सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ, तुमचा विश्वास फुकट, आणि आम्ही देवाच्या नावावर खोटी साक्ष देणारे. पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. ५०० हून अधिक जणांनी त्याला एकाच वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो त्यातच लिहितो. थोडक्यात, जाऊन विचारा.

रात्रपाळी:
दादा, तुमच्या ‘आत्मा अमर आहे’ या वाक्याबद्दल बोलते, कारण माझं सगळं तिथेच अडलं होतं.

माझा धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एक पाय बारीक राहिला होता, पण हात असे की बघत राहावं. सोल्डरिंगच्या चटक्यांनी उजव्या हाताच्या बोटांची टोकं टणक झाली होती. बिघडलेला सेट उघडला की आधी काही न करता नुसता कान लावून बसायचा. तो गेला तेव्हा भेटायला येणारे म्हणायचे, ‘सुटला बिचारा, शरीर म्हणजे पिंजराच.’ माणसं प्रेमानेच बोलत होती, पण मला ते सहन होत नव्हतं. पिंजरा कसला? ते हात म्हणजेच तर तो होता. ते वजा केले तर माझ्याकडे भाऊ म्हणून उरतं काय?

दफनाच्या वेळी पाळकांनी तोच १५ वा अध्याय वाचला. त्यात मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटलंय. सुटका नाही, मित्र नाही, शत्रू. ते ऐकल्यावर मला मोकळेपणाने रडता आलं. लाजर या आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशूही रडला, आणि तेही त्याला आपण उठवणार आहोत हे माहीत असताना! (तो लाजर पुढे पुन्हा मेलाच असणार. येशूचं उठणं त्या जातीचं नाही, म्हणून पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. पहिलं फळ आलं, म्हणजे बाकीचं पीक मागून यायचंय.)

उठलेला येशू भूत नव्हता. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा लूक सांगतो, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. दुसरं शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो, हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. देवाने शरीर टाकून दिलं नाही, व्रणसुद्धा पुसले नाहीत. माझ्या भावाचा पाय कसा असेल मला ठाऊक नाही. पण जो उठेल तो तोच असेल, नुसती एखादी ज्योत नव्हे, यावर माझा विश्वास आहे. आजाऱ्याला पुसताना, भरवताना आपण टाकाऊ वस्तू सांभाळत नाही, हेही मला तिथूनच कळतं.

पानगळ:
ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. शिकवणीबद्दल एक जोडतो. झाडाला टांगलेला माणूस देवाचा शापित, असं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातच आहे. येशू मेला आणि गोष्ट तिथेच संपली असती, तर त्याच्या लोकांच्या दृष्टीने निकाल लागला होता, हा खोटा ठरला. ‘धन्य ते जे सौम्य’ असं म्हणणाऱ्याला सत्तेने चिरडलं, एवढंच उरलं असतं. पुनरुत्थान म्हणजे देवाने तो निकाल फिरवला. म्हणून शिकवण आणि तिसरा दिवस वेगळे काढता येत नाहीत. शत्रूवर प्रेम करणारा शेवटी हरत नाही, याला आमच्याकडे दुसरा आधार नाही.

दूरचा वाचक:
ताई, भावाबद्दल वाचून थांबलोच. आत्मा आणि शरीर असा विचार मी कधी केला नव्हता. एक विचारू? तुम्हाला शंका येत नाहीत?

रात्रपाळी:
येतात, विशेषतः पहाटे. थोमाला बाकीच्यांनी हाकलून दिलं नव्हतं, आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता. मीही बसून राहते.

वाचायचं असेल तर मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. त्याच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनावर होतो: स्त्रिया रिकामी कबर पाहून थरथरत पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर अशी कुणी रचली नसती, असं मला वाटतं. त्यानंतर योहानाचा २० वा अध्याय घ्या, आणि मग पौल. काही अडलं तर इथेच विचारा, मी रात्री असते.