मदत हवी आहे: डिस्क गोल्फच्या डिस्कसाठी पाठीवरची बॅग कोणती घ्यावी? (जळगाव)

नमस्कार मंडळी,

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फच, फक्त काठी-चेंडूऐवजी तबकडी फेकायची आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. आम्ही चार-पाच जण जळगावजवळच्या एका पडीक रानात खेळतो. टोपल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या, सायकलच्या रिंगा लावून. त्या झकास वाजतात. अडलंय ते बॅगेपाशी.

सामान असं: बारा डिस्क (लांब फेकायचे ड्रायव्हर, मधल्या पल्ल्याचे मिडरेंज आणि जवळून टोपलीत टाकायचे दोन पटर), टॉवेल, डोक्याला बांधायचा रुमाल आणि पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो, त्यामुळे तीन लिटर पाणी तर लागतंच. डिस्कच्या वजनाला नियमानेच मर्यादा आहे, व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम, म्हणजे २१ सेंमीची डिस्क १७५ ग्रॅमच्या आत-बाहेर. बारांचे दोन किलो, त्यात पाणी, म्हणजे पाच किलो झाले. वडील म्हणतात, "सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन कपाशी फवारतो आम्ही, अन् तुले एवढ्याचं ओझं व्हतं का?" तर वजनाची तक्रार नाही.

तक्रार आहे बॅगेच्या आकाराची. डिस्क कडेवर उभ्या, ओळीने राहिल्या तर पाहिजे ती चटकन उपसता येते. कॉलेजच्या दप्तरात त्या तळाशी जाऊन आडव्या पडतात. एक ड्रायव्हर काढायला अख्खी चळत बाहेर काढायची, आणि ती काढेस्तोवर बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. दुकानदार विचारतो, "किती लिटरची दाखवू?" आता लिटरला काय करू? मला तोंड रुंद पाहिजे.

खास डिस्क गोल्फच्या बॅगा बाहेरून मागवाव्या लागतात आणि किंमत पाहून खिसा आखडतो. तर,

१. साधी बॅग घेऊन तिच्यात बदल कोणी केलेत का? काय केलंत?
२. पाठीकडे जाळीचं कापड नको आहे. रानातली कुसळं त्यात घुसतात, वरून दिसत नाहीत, आणि घरी येईपर्यंत पाठीला टोचत राहतात. मग घामाचं काय करायचं?
३. पावसाळ्यात काळ्या मातीत बॅग ठेवली की तळाला चिखलाचा थर बसतो. तळ कशाचा असावा?

मोटारसायकलवर जातो, त्यामुळे हातात धरायची पेटी-बिटी सुचवू नका.

---

प्रतिसाद, धुळ्याहून:

भो, नवीन बॅग घ्यायच्या आधी जुनीचा तळ वर उचलून पाहा. साधारण लॅपटॉप बॅग ४५ सेंमी उंच असते आणि डिस्कला २१-२२ पुरतात. खालच्या अर्ध्यात पाण्याच्या बाटल्या आडव्या ठेव, वर जाड फोमचा तुकडा मापात कापून बसव, त्यावर डिस्क उभ्या कर. एका डिस्कला दीड-दोन सेंमी जागा धर. बॅगेची खोली १५ सेंमी असेल तर आठ-नऊ बसतात. पटर बाहेरच्या खिशात राहू दे, ते सारखेच लागतात. बाराच्या बारा नेल्याच पाहिजेत असं काही नाही. नवशिका तीन-चार डिस्कवर उत्तम खेळतो.

चेन मोठ्या दात्याची बघ. धुळीने रनर अडकला तर मेणबत्ती घास.

---

प्रतिसाद, भुसावळहून:

वरचं बरोबर आहे, पण मी असतो तर सीट कव्हर शिवणाऱ्याकडे गेलो असतो. त्याच्याकडे रेक्झिन असतं, जाड सुईचं मशीन असतं. तळाला रेक्झिनचा दुहेरी थर मारून घ्या, चिखल ओल्या फडक्याने निघतो. पाठीला गुळगुळीत कापड आणि मधून फोमच्या दोन उभ्या पट्ट्या. मधल्या फटीतून हवा खेळते, कुसळंही अडकत नाहीत. खांद्याच्या पट्ट्यांना फवारणी पंपाच्या गाद्या लावा, कृषी केंद्रात सुट्ट्या मिळतात.

रंग काळा घेऊ नका. उन्हात तापलं की मऊ प्लास्टिकचा पटर लिबलिबीत होतो, आणि त्यावर वजन असेल तर वाकडा होऊन बसतो. बंद गाडीत तर बॅग ठेवूच नका.

---

धागाकर्ता:

दोघांचे आभार. बॅग मोजली: खोली १७ सेंमी, रुंदी ३०. म्हणजे डिस्कच्या बाजूला आठ-नऊ सेंमीची फट राहते, तिथे टॉवेल कोंबला की डिस्क कलंडणार नाहीत. फोम आणतो, आणि रविवारी सीट कव्हरवाल्याकडे जातो. तळाचं रेक्झिन बाहेरून पूर्ण शिवायचं की फक्त कडांना? पूर्ण शिवलं तर सुईच्या भोकांतून पाणी आत येईल का, एवढंच सांगा.