मदत हवी आहे: भाच्याच्या गार्चॉम्पचा (पोकेमॉन गेममधल्या प्राण्याचा) स्वभाव 'चुकीचा' निघालाय, पुन्हा पहिल्यापासून वाढवायचा का?

तापीकाठ

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण घरात दोन दिवस अबोला चाललाय म्हणून विचारतोय.

आम्ही चोपडा तालुक्यातले. भाचा (वय 11) सुट्टीत मामाच्या गावाला आलाय. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारा ते पाच कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पोराला केळीच्या बागेत तरी किती हिंडवणार? म्हणून पुण्यात नोकरीला असताना घेतलेला स्विच (गेम खेळायचं यंत्र) माळ्यावरून काढला आणि पोकेमॉन स्कार्लेट लावून दिलं. त्यात त्याने गिबल नावाचा पोकेमॉन पकडला, गोठ्यातल्या बैलाचं 'सर्जा' हे नाव त्याला दिलं आणि तीन आठवडे खपून त्याचा गार्चॉम्प (गिबलचं मोठं रूप) केला. 48व्या लेव्हलला तो बदलला तेव्हा पोरगं उड्या मारत ओसरीवर आलं होतं.

परवा नाशिकच्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने सर्जाचं पान बघितलं आणि म्हणाला, "मॉडेस्ट? गार्चॉम्प मॉडेस्ट? फेकून दे, दुसरा पकड." झालं. तेव्हापासून भाचा गेमला हात लावेना, धड जेवेना. आई विचारते, "त्याले काय व्हयनं?" तिला काय सांगू?

मी लहानपणी टीव्हीवर कार्टून पाहिलंय तेवढंच. मॉडेस्ट म्हणजे नम्र ना? नम्र असणं वाईट कसं? नानांना सांगितलं तर ते म्हणाले की जनावर घेताना स्वभाव बघावाच लागतो, त्यात पोराचं काय चुकलं? नाना दर वर्षी सारंगखेड्याच्या बाजारात घोडे बघायला जातात (घेत काही नाहीत), तेव्हा त्यांचं मत बाजूला ठेवू.

प्रश्न दोन. या नेचरने, म्हणजे गेममधल्या स्वभावाने, खरंच किती फरक पडतो? आणि तीन आठवड्यांची मेहनत टाकून द्यावी लागेल का?

शेवभाजी_तिखट

गोष्ट पूर्ण करायची असेल तर शून्य फरक पडतो. माझ्याकडे सगळे वाटेल त्या नेचरचे होते, एकदाही अडलो नाही. जेवायला बसवा त्याला.

वजाबाकी

वरचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. चुलतभावाशी लढायचं असेल तर आकडे बघा.

नेचर एकूण 25. त्यातल्या 20 नेचरमध्ये एक गुण दहा टक्क्यांनी वाढतो आणि दुसरा दहा टक्क्यांनी घटतो. हार्डी, डोसाइल, सीरियस, बॅशफुल, क्वर्की या पाचांत काहीच होत नाही. एचपीला (मार सोसायच्या ताकदीला) कुठलंच नेचर हात लावत नाही. नावांच्या अर्थावर जाऊ नका. बॅशफुल म्हणजे लाजाळू, तरी त्याने काडीचा फरक पडत नाही. मॉडेस्ट म्हणजे स्पेशल अटॅक वर, साधा (अंगबळाचा) अटॅक खाली. नेमकी गार्चॉम्पची ताकद साध्या अटॅकमध्ये (मूळ आकडा 130, स्पेशलचा 80), म्हणून चुलतभाऊ ओरडला.

आता 50व्या लेव्हलचा हिशोब. ऑनलाइन रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात सगळे याच लेव्हलवर आणले जातात. जन्मजात गुण, म्हणजे आयव्ही, पूर्ण 31 धरतो. नेचर तटस्थ असेल तर गार्चॉम्पचा अटॅक 150. मॉडेस्ट असेल तर 135. ॲडमंट (अटॅक वर, स्पेशल खाली) असेल तर 165. "दहाच टक्के तर आहे" असं म्हणणारे इथे फसतात. चुकीच्या आणि बरोबर नेचरमधलं अंतर 30 आहे, म्हणजे 135च्या मानाने जवळजवळ 22 टक्के.

पण थांबा. मशागतीचे गुण असतात, त्यांना ईव्ही म्हणतात. एका गुणात 252 पर्यंत घालता येतात, सगळे मिळून 510. अटॅकमध्ये 252 घातले की तटस्थ गार्चॉम्प 150 वरून 182 ला जातो, म्हणजे 32 ची वाढ. नेचर देतं 15. आता तुमचा मॉडेस्ट सर्जा घ्या, त्याला पूर्ण ईव्ही द्या: 163. आणि मशागत न केलेला, नुसता पकडून आणलेला ॲडमंट गार्चॉम्प: 165. दोनचा फरक! भाच्याला हा एवढाच हिशोब वहीत मांडून दाखवा.

एक चूक मात्र करू नका. कोणीतरी सांगेल, मॉडेस्ट आहे तर त्याला सगळ्या स्पेशल चाली शिकव. मॉडेस्ट धरूनसुद्धा त्याचा स्पेशल अटॅक 110 होतो आणि पडलेला अटॅक 135 आहे. अर्थक्वेक (साध्या अटॅकवर चालणारी चाल) काढू नका.

तापीकाठ

वजाबाकी, तुम्ही शिक्षक आहात का हो? हे मला समजलं यातच सगळं आलं. म्हणजे फरक आहे, पण टाकून देण्याइतका नाही. असंच ना?

जुनी_कॅसेट

मी थोडा वेगळा बोलतो. सगळ्यात जास्त फरक वेगात पडतो, कारण तिथे हरणं-जिंकणं एका आकड्यावर ठरतं. गार्चॉम्पचा मूळ वेग 102, सॅलमेन्स नावाच्या दुसऱ्या पोकेमॉनचा 100. दोघं ड्रॅगन, दोघांना ड्रॅगनचाच मार दुप्पट बसतो, म्हणजे आधी वार करेल तो बहुतेक वाचला. पूर्ण मशागतीनंतर जॉली (वेग वर) गार्चॉम्प 169 आणि जॉली सॅलमेन्स 167. आता तुमच्या मॉडेस्टचा वेग 154. अटॅकमधली कसर मशागतीने भरता येते, पण समोरच्यानेही पूर्ण मशागत केली असेल तर वेगातली ही कसर भरत नाही. वजाबाकींनी हा भाग गाळला.

हे नेचर 2002 च्या रुबी-सफायर या गेमपासून आलं. तेव्हा बदलायची काही सोयच नव्हती, बरोबर निघेपर्यंत अंडी उबवत बसायची. एव्हरस्टोनने (पोकेमॉनला धरायला द्यायच्या दगडाने) आईबापाचं नेचर पुढे न्यायची युक्ती नंतर आली, तीही सुरुवातीला निम्म्या वेळाच चालायची. आणि कुठला गुण चढला, कुठला पडला, हे पानावर रंगाने दिसायचंही नाही. ते हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरमध्ये आलं. आम्ही वहीत तक्ता काढून ठेवला होता.

गंमत म्हणजे याला स्वभाव म्हणतात, पण तो वागण्यात दिसतो अगदी मोजक्या ठिकाणी. एमराल्डमध्ये बॅटल पॅलेस होता, तिथे तुम्ही हुकूम द्यायचा नाही, पोकेमॉन आपल्या नेचरप्रमाणे स्वतः चाल निवडायचा. मी तिथे इतका हरलोय! पण खरा स्वभाव मला तिथेच भेटला. दुसरं उदाहरण टॉक्सल नावाच्या पोकेमॉनचं. नेचरवरून ठरतं तो मोठा होऊन ॲम्प्ड टॉक्स्ट्रिसिटी होणार की लो की टॉक्स्ट्रिसिटी, अशी त्याची दोन रूपं. बाकी सगळीकडे ही फक्त बेरीज-वजाबाकी.

खळ्यातली_खाट

पोकेमॉन गो (फोनवरचा, चालत फिरून खेळायचा गेम) खेळायला लावा, तिथे नेचरच नाही. भानगड मिटली.

जुनी_कॅसेट

आणि चोपड्याच्या 44 डिग्रीत पोराला बाहेर चालवा. छान.

वजाबाकी

वेगाचं मान्य, गाळलं होतं.

मूळ सल्ला मात्र राहिलाच की! 2019 च्या सोर्ड-शील्डपासून नेचरचा परिणाम बदलणारे मिंट मिळतात. स्कार्लेटमध्ये चॅन्सी सप्लायच्या दुकानात एक मिंट गेममधल्या 20,000 ला. ॲडमंट मिंट किंवा जॉली मिंट खाऊ घातला की आकडे त्या नेचरचे होतात. पानावर नाव मॉडेस्टच राहतं, फक्त चढ-उताराचे बाण बदलतात. पिल्लांत मूळचंच नेचर उतरतं, तेवढं लक्षात ठेवा. दुकानात अजून दिसत नसेल तर आधी गेममधल्या जिमचे थोडे बॅज जमवा. तीन आठवडे वाया जायचं कारणच नाही.

शेवभाजी_तिखट

आधी मिंट सांगितला असता तर एवढा हिशोब वाचायला लागला नसता भो.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री वीज गेली होती, तेव्हा खाटेवर पडून बॅटरीच्या उजेडात वहीत 135, 150, 165 मांडून दाखवलं. 163 आणि 165 शेजारी लिहिल्यावर तो उठून बसला. मग मिंटचं सांगितलं. गेममधले पैसे आहेत त्याच्याकडे, पंचवीस हजारांच्या वर.

तर नाही म्हणाला. मिंट घेणार नाही. का, तर आमचा खरा सर्जा. घेतला तेव्हा तो मारका होता, गोठ्यात कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. नानांनी शेंगदाण्याची पेंड हातावर ठेवून ठेवून त्याला माणसाळवलं, पण विकला नाही. हे नाना त्याला रोज ऐकवत असतात, कधीतरी डोक्यात बसणारच. तो म्हणतो, आधी मशागत पूर्ण करतो, नाशिकवाल्याशी एकदा मॉडेस्टच लढवतो, हरलो तर मिंट.

जुनी कॅसेट, तुमचं वेगाचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. नाशिकवाल्याकडे सॅलमेन्स आहे का, हे आधी गुपचूप काढायला हवं. आणि ईव्ही अटॅकमध्ये भरायला कोणाशी लढवायचं ते कोणी सांगेल का? आज सकाळी पोळी, कैरीचं लोणचं असं दोनदा जेवला आणि पाचपासून स्विच घेऊन बसलाय.