मदत हवी आहे: नवा ही-मॅन, समीक्षक एक सांगतात आणि प्रेक्षक भलतंच, कुणाचं धरू?

मंडळी, भाचा 7 वर्षांचा आहे, सुट्टीत येतोय आणि त्याला ही-मॅन (तो तलवारवाला कार्टून हिरो) दाखवायचाच असं ठरवलंय (खरं म्हणजे मलाच बघायचाय, भाचा निमित्त). 1983 ची जुनी सिरीज लावून बघितली तर तेच धावणं, तोच ठोसा, तीच तलवार दर भागात परत परत वापरलीये, आजची पोरं पाच मिनिटांत उठतील. म्हणून नवीन शोधायला गेलो आणि रिव्ह्यू वाचून जाम कन्फ्यूज झालोय.

2021 ची नेटफ्लिक्सवरची 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन', ती केविन स्मिथवाली. समीक्षक खूश, अ‍ॅनिमेशन झकास, मार्क हॅमिलच्या आवाजातला स्केलेटॉर (व्हिलन) झकास, टीलाला (ही-मॅनची लढवय्यी मैत्रीण) एकदाचं धड काम मिळालं वगैरे. आणि रॉटन टोमॅटोजवर (समीक्षक आणि प्रेक्षकांचे वेगवेगळे टक्के देणारी रिव्ह्यूंची साइट) प्रेक्षकांचं बघावं तर नुसता शिमगा! बहुतेकांचा राग एकाच गोष्टीवर, ट्रेलरमध्ये ही-मॅन दाखवला आणि सिरीजमध्ये पहिल्याच भागात त्याला बाजूला केला, पुढे सगळी गोष्ट टीलाची. आता मला सांगा हा राग कितपत खरा आणि 7 वर्षांच्या पोराला ही दाखवावी का?

प्रतिसाद 1: आधी त्या टक्क्यांचं. समीक्षकांचा टक्का म्हणजे मार्क नव्हेत, किती जणांचा रिव्ह्यू चांगला होता एवढंच. सगळे 'बरी आहे, बघा' म्हणाले तरी 100 टक्के. शिवाय पहिले 5 भाग जुलैत आले, उरलेले 5 नोव्हेंबरात, म्हणजे सुरुवातीची बरीचशी भांडणं अर्ध्याच गोष्टीवर झालीयेत. तरी ट्रेलरबद्दलचा राग मला पटतो, नावावर बोलावून दुसरंच वाढलं की माणूस चिडणारच. पण भाच्याला ही नको. त्यात लाडकी पात्रं मरतात, जुन्या फॅन्ससाठी बनवलीये ती.

प्रतिसाद 2: +1. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' पण आली, थ्रीडीवाली, ती मुलांसाठीच आहे. नावं सारखी असल्याने लोक एकीचा राग दुसरीवर काढतात, रिव्ह्यू वाचताना कुठली ते बघा. आणि रिलीजआधीच्या आरड्याओरड्याकडे तर लक्षच देऊ नका, 2018 च्या शी-राला (ही-मॅनच्या भावंडातलीच कार्टून सिरीज) नुसतं डिझाइन बघून झोडपलं होतं, नंतर समीक्षकांनी डोक्यावर घेतली आणि 5 सीझन झाले.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही! थ्रीडीवालीचा एक भाग बघितला, त्यात ही-मॅनच्या दोस्तांनाही पॉवर मिळते वाटतं? मला जरा खेळण्यांची जाहिरात वाटली, पण मुळात 1982 ला खेळणीच आधी आली होती, मग तक्रार कुठल्या तोंडाने करू. फक्त एवढं सांगा, हिचे तिन्ही सीझन मिळून गोष्ट नीट संपते की मधेच लटकते? मधेच संपलं तर भाचा माझं डोकं खाईल.