मॅन्युअल वाचूनही काम अडलंय? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, सॉफ्टवेअरची मॅन्युअल, इन्स्टॉलेशन गाइड, हेल्पची पानं यांनी डोकं उठवलं असेल तर इथे लिहा. मी सुरुवात करते. आमच्याकडे बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर आलंय, त्यात 'ग्राहक प्रकार' असा रकाना आहे आणि गाइडमध्ये त्यापुढे लिहिलंय 'इथे ग्राहक प्रकार निवडावा'. अहो पण कुठला, त्याने कर बदलतो का, एकदा सेव्ह केल्यावर दुरुस्त करता येतो का? स्क्रीनवर दिसतंय तेच परत छापायचं असेल तर गाइड हवंच कशाला.

*

अगदी अगदी! माझा राग कमांडवाल्या पीडीएफवर, म्हणजे ज्यात कॉम्प्युटरला टाइप करून द्यायच्या सूचना असतात. कोणीतरी वर्डमध्ये टाइप करतं, वर्ड आपणहून दोन हायफनचा एक लांब डॅश करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, आणि तेच पीडीएफमध्ये जातं. कॉपी-पेस्ट केलं की एरर, डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही. टीममध्ये नवीन आलेली मुलगी दिवसभर त्यात अडकली, तिला वाटत राहिलं की आपल्यालाच जमत नाहीये. याचं फार वाईट वाटतं मला.

*

एपीआयच्या (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत) डॉक्युमेंटमध्ये नुसतं 'टाइमस्टॅम्प पाठवावा', म्हणजे तारीख-वेळ आकड्यात. सेकंद की मिलिसेकंद?? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. आम्ही सेकंद पाठवले, पलीकडे मिलिसेकंद धरले गेले, झालं, सगळ्या ऑर्डरी जानेवारी १९७० च्या! एक नमुना आकडा छापला असता तरी भागलं असतं.

*

मला व्हिडिओ नकोत. एका सेटिंगसाठी अख्खा बघायचा, त्यात शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही.

*

चांगलंही सांगते एक. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं, त्यात कमांडखाली 'बग्ज' असा वेगळा भाग असायचा, म्हणजे काय नीट चालत नाही ते लिहिणाऱ्यानेच सांगून टाकलेलं. आजही बऱ्याच मॅन पेजेसमध्ये (कमांडच्या मॅन्युअलची पानं) तो भाग असतो आणि मी आधी तोच वाचते. हल्लीच्या गाइडमध्ये सगळं सुरळीत झालं तर काय दिसेल एवढंच असतं, मधेच अडकलं तर मागे कसं यायचं यावर एक ओळ नाही.

*

मी मॅन्युअल लिहिण्याचंच काम करतो, म्हणून दुसरी बाजू. रिलीज तोंडावर आली की आम्हाला बोलावतात, सॉफ्टवेअर हाताळायला मिळत नाही, स्क्रीनशॉट पाठवतात आणि त्यावरून लिहा म्हणतात. 'ग्राहक प्रकार' बदलल्यावर पुढे काय होतं हे मलाच बघायला मिळालं नाही तर मी तुम्हाला काय सांगणार? डेव्हलपरला विचारलं तर त्याला वेळ नसतो, आणि वेळ नाही हे खरंही असतं.

*

@वरचे, टेस्ट सर्व्हरचं (सॉफ्टवेअर आधी चालवून बघायची जागा) लॉगिनसुद्धा देत नाहीत का हो तुम्हाला?

*

मागून मागून मिळतं, बहुतेक वेळा रिलीज होऊन गेल्यावर.