केळीबागेचा एनडीव्हीआय (उपग्रहचित्रातून काढलेला हिरवेपणाचा आकडा) २०२२ मध्ये एकदम पडला??

केळीवाला_रावेर: राम राम मंडळी, रावेरकडच्या बागांचा २०१८ पासूनचा सेंटिनेल-२ (युरोपचे उपग्रह) डेटा लावतोय, २०२२ च्या सुरुवातीला आकडा धपकन खाली, बागा तर हिरव्यागार होत्या भो!

तापीकाठ: बाग नाही, डेटाचा फॉरमॅट बदलला. २५ जानेवारी २०२२ पासून पिक्सेलच्या (चित्रातल्या एकेका चौकोनाच्या) आकड्यात १००० मिळवलेले असतात, ते आधी वजा कर मग १०००० ने भाग. मीपण यात आठवडा घातलाय 😅

केळीवाला_रावेर: जमलं! पण लँडसॅटचा (अमेरिकेचे उपग्रह) पिक्सेल ३० मीटरचा, ह्या सेंटिनेलचा १० मीटरचा, जुळवू कसं? अन् आमचं नेट म्हणजे रांगतं.

धुळेकर: नासाचं एचएलएस (दोन्ही उपग्रहांचा जुळवून दिलेला डेटा) घे, दोन्ही ३० मीटरच्या एकाच ग्रिडवर बसवलेले, फुकट, फक्त लॉगिन लागतं. फाइली सीओजी (तुकड्यातुकड्याने वाचता येणाऱ्या चित्रफाइली) आहेत, पूर्ण न उतरवता पायथनने बागेपुरता तुकडाच वाचता येतो.