हारेम मांगा : ‘जनानखाना’ म्हणायचं का?

मुक्कामपोस्ट :
एका दिवाळी अंकासाठी लेख दिला होता. विषय असा, की अद्भुत आणि हाणामारीच्या हारेम मांगा, म्हणजे एका मुलाभोवती अनेक मुली असलेल्या जपानी चित्रकथा, चाळिशीतली माणसंही का वाचतात. मी ‘हारेम’ लिहिलं होतं. संपादकांनी न विचारता सगळीकडे ‘जनानखाना’ केलं आणि अंक तसाच छापून आला. आईनं लेख वाचून विचारलं, “बायकांना कोंडून ठेवायच्या गोष्टी वाचतोस का रे तू?” तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही.

या गोष्टींत कोणी कोणाला कोंडत नाही हो. अकिहिसा इकेदांची ‘रोझारियो प्लस व्हॅम्पायर’ घ्या, २००४ साली सुरू झालेली. त्सुकुने हा अगदी साधा मुलगा चुकून योकाईंच्या, म्हणजे भुताखेतांच्या शाळेत जाऊन पडतो. तिथली मोका व्हॅम्पायर. तिच्या गळपट्टीला एक क्रूस लोंबतो. तो निघाला की केस रुपेरी होतात, डोळे लालभडक, आणि एका लाथेत समोरचा राक्षस आडवा. पण तो तिला स्वतःला काढता येत नाही, त्सुकुनेलाच काढता येतो. लढायचं तिनं, त्यानं फक्त मार खात तिच्यापर्यंत पोचायचं. आपल्या हातून सगळं निभणार नाही हे चाळिशीत कळून चुकलेलं असतं, पण वेळेला कुणापर्यंत तरी धावत जाता येतं. मी त्या एका चित्रासाठी वाचतो. याला जनानखाना कसं म्हणू?

सांजवात :
राणीवसा म्हणा की. रायगडावर राणीवसा बघताना कोणाच्या मनात कोंडवाडा येत नाही. अंतःपुर तर त्याहून सोज्वळ. घरात शब्द असताना उसनवारी कशाला?

तिठा :
राणीवशाला राजा लागतो. इथे राजा कुठाय? मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा.
बाकी, हारेम हा अरबी ‘हरीम’वरून आलाय. ह-र-म या धातूचा अर्थ निषिद्ध, म्हणून राखून ठेवलेलं, पवित्रसुद्धा. आपल्याकडचे हराम, हरामखोर, मोहरम, सगळी त्याच घरातली भावंडं. मक्केच्या मशिदीच्या नावातला ‘हराम’ पवित्र या अर्थाचा. आपण मात्र त्यातली शिवी तेवढी उचलली.

कडीपत्ता :
माझे आजोबा सांगायचे, हारेम मूळचा संस्कृत ‘हर्म्य’. हर्म्य म्हणजे वाडा, प्रासाद. इथूनच पश्चिमेला गेला.

तिठा :
आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, कडीपत्ताताई, ते नुसतं आवाजाचं साम्य आहे. हर्म्य वेदांतला, हरीम सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, धातूचा. दोन वेगळी कुळं.

कडीपत्ता :
साम्य असं उगाच येत नाही. मी माझं मत सोडत नाही.

पानगळ :
मी पुण्यात जपानी शिकवते. मूळ प्रश्नाला धरून एक सांगते. जपान्यांकडे स्वतःचे शब्द होते. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, किल्ल्यात शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, बायकामंडळींचा जो भाग होता तो ‘ओओकु’. राजवाड्यातल्या अंतःपुराला ‘कोक्यू’. तरी या गोष्टींना त्यांनी यातलं काही लावलं नाही. ‘हारेमु’ हा उसना शब्द घेतला आणि काताकाना लिपीत, म्हणजे परक्या शब्दांच्या लिपीत लिहिला. ओओकु म्हटलं की खराखुरा इतिहास, खऱ्या बायका आणि त्यांचे हाल डोळ्यांपुढे येतात. हारेमु म्हटलं की गोष्टीचा एक साचा : मध्ये एक जण, भोवती अनेक जणी, आणि निवड कायम लांबणीवर. एक मुलगी आणि भोवती मुलगे असले तर ‘ग्याकु हारेमु’, उलटा हारेम. त्याला काय उलटा जनानखाना म्हणणार? हारेमच ठेवा.

सांजवात :
जपान्यांनी आपली भाषा सोडली म्हणून आपणही सोडायची का? आपल्या साहित्यशास्त्रात नायकाचे प्रकार आहेत : अनुकूल, दक्षिण, धृष्ट, शठ. अनेक जणींवर सारखंच प्रेम असणारा तो दक्षिण नायक. ‘दक्षिणनायकी कथा’ म्हणा. किती नेमका शब्द पडून आहे!

मुक्कामपोस्ट :
सांजवातकाका, शब्द सुरेख आहे. पण वाचणारा दक्षिण भारत समजेल. शिवाय दक्षिण नायकानं सगळ्यांना आपलं केलेलं असतं. त्सुकुनेला एकीला ‘हो’ म्हणायलाही जमत नाही. मारामारीचं कथानक धावत असतं आणि प्रेमाचं जागच्या जागी उभं. रोज दहा निर्णय घेऊन घरी आलेल्या माणसाला ते थांबलेलं प्रेम फार बरं वाटतं.

उंबरझरा :
मी बाई आहे, बेचाळीस वर्षांची, आणि या मालिका वाचते. तुम्ही फार गोड करून सांगताय. अर्ध्या पानांवर पोरींचे कपडे फाटतात, ते कोणाच्या सोयीसाठी? ‘जनानखाना’ तितकासा चुकीचा नाही, तुमच्या आईला बरोबर कळलं. मी वाचते ती ‘रोझारियो’तल्या युकी-ओन्नासाठी. बर्फातली बाई, जपानी लोककथेतली जुनी. तिला तोंडात लॉलीपॉप देऊन वर्गात बसवलंय, आणि तरी ती एकाकीच आहे. ते एकटेपण मला ओळखीचं वाटतं.

मुक्कामपोस्ट :
कपड्यांचं खरं आहे. लेखात मी ते टाळलं, टाळायला नको होतं.

तिठा :
लेखाचा मथळा काय होता? ‘प्रौढांसाठी’ असं काही असेल तर आईचा गैरसमज तिथूनच सुरू झाला. सिनेमाच्या प्रमाणपत्रानं तो शब्द नासवला. ‘वयस्क’ हिंदीत सज्ञान, मराठीत उतारवयाचा. अडल्टला मराठीत साधा, न लाजणारा शब्दच उरला नाही.

पानगळ :
‘जाणते वाचक’? जपानीत ‘सेइनेन’ मासिकं मोठ्या पुरुषांसाठी असतात, पण शब्दाचा अर्थ नुसता ‘तरुण’. रोझारियो मात्र शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलग्यांच्या मासिकात आली.

सांजवात :
‘जाणता’ म्हटलं की आम्हाला जाणता राजाच आठवणार. ‘प्रौढ’ उत्तम शब्द आहे. प्रौढ शिक्षण म्हणताना कोणी लाजत नाही.

माडाखाली :
मी गोव्याचा. रोझारियोचं भाषांतर काय केलंत? आमच्याकडे ते आडनावसुद्धा आहे. संध्याकाळी शेजारच्या घरात तेर्स, म्हणजे माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना, चालायचा, त्यातली ती माळ. क्रूस हा तिचा टोकाचा भाग झाला.

मुक्कामपोस्ट :
‘जपमाळ’ लिहिलं होतं. आता वाटतं, गळ्यातली क्रुसाची माळ म्हणायला हवं होतं.

कडीपत्ता :
आणि त्या युकी-ओन्नाला काय म्हणणार? आमच्या कोकणात जखीण आहे, तीही मुळात यक्षिणीच.

उंबरझरा :
जखीण विहिरीजवळची. हिला बर्फ लागतो. हिमयक्षिणी?

तिठा :
यक्षिणी प्रसन्न होते, जखीण लागते. एकाच शब्दाची दोन नशिबं. तुमच्याकडे जखीण नक्की कुठे असते, विहिरीवर की पिंपळावर?