मुंबईत बाहेर खायचं तर नक्की कुठे, काय आणि किती वाजता?

गिरगावकरीण
आज कुणीतरी ब्रून मस्क्याचा (कडक कवचाचा पाव आणि लोणी) फोटो पाठवला आणि फोर्टातल्या बेकऱ्यांचा वास आठवला. म्हणून हा धागा. नुसतं 'अमुक हॉटेल भारी' नको, तिथे काय मागवायचं, कधी जायचं आणि काय टाळायचं ते लिहा.

माझ्याकडून इराण्यांचं. ब्रून सकाळचाच खावा. मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत त्याचं कवच चिवट होतं, पावसाळ्यात तर लवकरच. बलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, तिथे दुपारीच जायचं, रात्रीच्या जेवणाचा बेत करू नका. बेरी पुलावात मटण किंवा चिकन भाताखाली दडलेलं असतं. वरवरचा भात आधी संपवला तर खाली नुसता रस्सा उरतो, म्हणून चमचा तळापर्यंत घालून वाढून घ्या. वरची लाल आंबट फळं इराणी झरेश्क. खाणं बेताचं असेल तर दोघांत एक पुरतो.

माटुंगा_पूर्व
किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास सोमवारी बंद!! रविवारी सकाळी उशिरा गेलात की रांग ठरलेली. रसम इडली मागवलीत तर लगेच खा, इडली फुगून फुटते.
पोटभर जेवायचं तर रामा नायक. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनसमोर, जिना चढून वर, १९४२ पासून. केळीच्या पानावर बसलात तर हवं तितकं, ताट घेतलंत तर मोजकं. भात एकदम घेऊ नका. आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी ताकभात, प्रत्येक वेळी थोडा थोडा. पहिल्याच वाढपाला डोंगर घेणाऱ्यांचं रसम राहून जातं.

निनाद_ठाणे
गाडी कुठे लावायची तिथे?

माटुंगा_पूर्व
दादा, गाडी आणूच नका. लोकल.

मालवणी_मुलूख
पोळ्या लाटता लाटता लिहितेय. माशांचं कुणी बोललंच नाही अजून?
जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत पापलेट, सुरमई मिळाली तरी बहुतेक बर्फातली. तळलेला तुकडा बोटाने दाबा. मांस पाकळ्यांसारखं सुटलं तर ताजं, पिठूळ होऊन चुरलं तर जुनं. पावसाळ्यात दादर, लालबागच्या खानावळीत सुकट, सुका बोंबील, नाहीतर खाडीची कोळंबी मागवा. कार्डावर भाव लिहिलेला नसेल तर मासा आधी बघून आकार आणि भाव विचारायचा, यात लाजायचं काही नाही. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं असतात. ती चावायची नाहीत, जीभ बधिर होते. बाजूला काढून ठेवा.

सई_परळ
ताई, सोलकढी खरी कशी ओळखायची? कुठेकुठे अगदी गडद गुलाबी देतात.

मालवणी_मुलूख
गडद दिसली की बीट किंवा रंग असण्याची शक्यता जास्त. आगळाची (कोकमाच्या रसाची) सोलकढी फिकी गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की खाली पाणी, वर नारळाचं दूध असे थर होतात. ती बिघडलेली नसते, चमच्याने ढवळायची. घरी करशील तर गरम करू नको. आगळ घातलेलं नारळाचं दूध तापवलं की फुटतं.

सई_परळ
अय्या, मी तशी फोडणी घालणार होते! वाचले 🙏

चेंबूर_कॅम्प
आमच्याकडे या. फाळणीनंतर सिंधी लोक इथे वसले, म्हणून दाल पकवान (डाळ आणि कुरकुरीत तळलेली पुरी) सकाळचा नाश्ता. उशिरा आलात तर संपलेलं असतं. चण्याची डाळ अख्खी दिसली पाहिजे पण बोटाने दाबली की मोडली पाहिजे. वरून चिंचेची चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडून डाळीत बुडवून ठेवू नका, घासाघासाला मोडायचं. पार्सल घेताना दोन्ही वेगळं बांधायला सांगा. पकवानची पिशवी गरम असताना बंद केली की वाफेने सगळं नरम.
आणि जाता जाता, कोळंबी कोळीवाडा सायन कोळीवाड्यातल्या पंजाब्यांची. बेसन, ओवा, तिखट. ती तिकडेच खा.

दक्षिण_मुंबई
भेंडी बाजाराबद्दल. नूर मोहम्मदी, १९२३ पासून. नल्ली निहारी (नळीच्या हाडांचा रस्सा) खायची तर लवकर जा, नळ्या मोजक्याच असतात. लिंबू आणि आल्याचे उभे काप मागून घ्या, रस्सा चांगलाच तुपकट असतो. या भागात कबाब घेण्याआधी 'बडे का की छोटे का' एवढंच विचारा. बडे म्हणजे म्हशीवर्गातलं, छोटे म्हणजे बोकडाचं. राज्यात २०१५ पासून गाय-बैल दोन्हींवर बंदी आहे. न खाणाऱ्यांना उत्तर सरळ मिळतं, कुणी रागावत नाही.
रमजानात मिनारा मशिदीजवळचा मालपुवा अंड्याचा असतो, शाकाहारी मंडळींनी फिरनीवर थांबावं. मालपुवा भलामोठा, चौघांत एक.

निनाद_ठाणे
आई-बाबा शाकाहारी, कांदा-लसूण नाही. त्यांना कुठे नेऊ?

गिरगावकरीण
काळबादेवीचं ठाकर भोजनालय, १९४५ चं, गुजराती थाळी. कांदा-लसूण नको हे बसल्या बसल्या सांगायचं, वाढायला आल्यावर नाही. फरसाण दोनदा घेतलं की पोळीला जागा राहत नाही, मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. उंधियू थंडीतच. पावभाजी हवी असेल तर जैन मागा, तिच्यात बटाट्याऐवजी कच्ची केळी असतात. तवा वेगळा आहे का तेवढं विचारा, नाहीतर कांद्याचा वास लागतो.

सई_परळ
आणि उपास असेल तर? उद्या चतुर्थी आहे 😀

दादर_पश्चिम
शिवाजी पार्कचं प्रकाश. साबुदाणावडा आणि पियुष. वडा गरम मिळाला तरच घ्या, गार झाला की आतला साबुदाणा घट्ट होतो. पियुष गोड असतं, आधी वडा संपवा.

निनाद_ठाणे
ठाकरला जायला कुठे उतरायचं, मरीन लाइन्स की मशीद?

गिरगावकरीण
पश्चिम रेल्वेने आलात तर मरीन लाइन्स, पूर्वेकडून बाहेर पडा आणि चालत जा. ठाण्याहून मध्य रेल्वेने येणार असाल तर मशीद. फक्त आई-बाबांना गर्दीत चालवत नेऊ नका, स्टेशनवरून टॅक्सी घ्या. काळबादेवीत दुपारी हातगाड्या असतात.